यरीहोची भिंत आणि रविवारचा वर्ग

पत्र थोडक्यात असं:

लिहिणारा सव्वीस वर्षांचा, डिचोली तालुक्यातल्या एका गावचा, कॅथलिक कुटुंबातला. आई माहेरची सावंतवाडीकडची, म्हणून घरात कोकणी तेर्साच्या (जपमाळेच्या प्रार्थनेच्या) जोडीला मराठी बायबलही आहे. इतिहासात एम. ए. करून तो एका शाळेत तात्पुरत्या नेमणुकीवर शिकवतो. गेली तीन वर्षं रविवारी मीस (प्रार्थनाविधी) संपल्यावर इगर्जीत, म्हणजे चर्चमध्ये, मुलांचा धर्मशिक्षणाचा वर्गही घेतो. अभ्यासाच्या निमित्तानं त्यानं पुरातत्त्वाची पुस्तकं वाचली आणि त्याची झोप उडाली. बायबलमध्ये यहोशवाच्या नेतृत्वाखालच्या इस्राएल लोकांपुढे कोसळलेली यरीहो शहराची भिंत त्या काळात पडलीच नव्हती. इस्राएलचे लाखो लोक मिसर (इजिप्त) सोडून निघाल्याची खूण सापडत नाही. येशूच्या जन्मावेळची म्हणून लूकनं सांगितलेली नावनिशी (शिरगणती) हेरोद राजाच्या काळाशी जुळत नाही. शुभवर्तमानं, म्हणजे येशूची चार चरित्रं, त्याच्यानंतर चाळीस ते साठ वर्षांनी लिहिली गेली. जाता जाता दोन ओळी निसिआच्या धर्मपरिषदेबद्दलही आहेत: तिथे मतदान करून येशूला देव बनवलं आणि बायबलची पुस्तकं ठरवली. तो लिहितो, ‘पायाच खोटा निघाला, तर वरचं सगळं खोटंच ना?’ आता कोरेज्म (ईस्टरआधीचा उपवासकाळ) सुरू होईल, आणि पाद्रीबाबांनी ईस्टरचे धडे त्याच्याकडेच सोपवले आहेत. वर्ग सोडू का? आईला सांगू का? की गप्प बसून शिकवत राहू? शेवटी एक ओळ: ‘माझा मित्र म्हणतो, तुमच्या पूर्वजांना बाटवलं होतं, मग त्यात खरं-खोटं शोधतोस कशाला?’

*

तू मला पत्रात ‘बाई’ म्हटलंस, म्हणून मीही एकेरीत लिहिते.

आधीच सांगून टाकते, मी ख्रिस्ती नाही. फोंडा तालुक्यात वाढले, तीस वर्षं शाळेत इतिहास शिकवला. घरात देवपूजा आहे आणि माझी श्रद्धा वयाप्रमाणे कमीजास्त होत आली आहे. ‘विश्वास ठेव’ किंवा ‘सोडून दे’ असं तुला सांगायचा मला अधिकार नाही आणि हौसही नाही. पुरावा किती ओझं पेलतो आणि कुठल्या प्रश्नाला तो लागूच पडत नाही, एवढं मात्र जन्मभर मुलांना समजावत आले. तुझी गाठ मला तिथेच बसलेली दिसते.

तुझं ते पायाचं वाक्य मी दोनदा वाचलं. त्यात तू दोन गोष्टी न विचारताच धरून चालला आहेस. एक, पाया एकच आहे. दुसरी, तो पाया म्हणजे ‘बायबलमधली प्रत्येक घटना लिहिली तशीच घडली’ हे विधान. एम. ए.च्या परीक्षेत एखाद्या विद्यार्थ्यानं असं लिहिलं असतं तर तू त्याला समासात लाल शाईनं ‘कशावरून?’ असं विचारलं असतंस. मग स्वतःला का विचारलं नाहीस?

तू एका टोपलीत टाकलेल्या चार गोष्टी आपण बाहेर काढून बघू.

यरीहो. कॅथलीन केनियन या ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ बाईंनी १९५२ ते १९५८ या काळात तिथे खोदलं. त्यांच्या मते ते तटबंदीचं शहर इ.स.पू. १५५०च्या सुमाराला उद्ध्वस्त झालं होतं आणि यहोशवाचा म्हणून जो काळ धरतात, त्या काळात तिथे तटबंदीचं शहर नव्हतं. हे तुला ठाऊक आहे. पण त्याआधीची गोष्ट तू पत्रात लिहिली नाहीस. १९३०च्या दशकात जॉन गार्स्टँग यांनी तिथेच खोदून ‘यहोशवाची भिंत सापडली’ असं जाहीर केलं होतं, आणि भाविकांना केवढा आनंद झाला होता. पुढे केनियनबाईंनी दाखवून दिलं की ती भिंत त्याहूनही सुमारे हजार वर्षं जुनी आहे. ज्यांनी आपला विश्वास गार्स्टँगच्या फावड्यावर टांगला होता, त्यांचं वीस वर्षांत काय झालं असेल? तू आज तेच उलट्या बाजूनं करतो आहेस. तुझा अविश्वास केनियनबाईंच्या फावड्यावर टांगला आहेस.

आणि आता मला सांग, ‘सत्मानतां’ ही तुमची श्रद्धा सांगणारी प्रार्थना म्हणताना यरीहो कुठे येतं? कुठेच नाही. ती भिंत पडली की नाही, यावर तुमच्या धर्माचं एकही तत्त्व उभं नाही. आपल्याकडच्या जुन्या घरांचा बाल्कांव असतो ना, तसं आहे ते. घराची शोभा त्यानं, बसायला जागा त्यानं, सगळ्या गावाला ओळख त्याची. पण माडी त्याच्यावर उभी नसते.

मिसरमधून निघण्याची गोष्ट त्याहून जड आहे. निर्गमाच्या पुस्तकात सहा लाख पुरुष म्हटलंय, बायकामुलं वेगळी. एवढा लोंढा वाळवंटातून गेल्याची खूण पुरातत्त्वाला सापडलेली नाही, हे खरं. पण इ.स.पू. १२०८च्या सुमाराचा मेर्नेप्ताह या मिसरी राजाचा शिलालेख कनान भागात ‘इस्राएल’ नावाचे लोक असल्याचं सांगतो. लहानशी टोळी निघाली असेल आणि तिची आठवण पुढे सगळ्यांची झाली असेल, असं मानणारे अभ्यासक आहेत. काहीच घडलं नाही म्हणणारेही आहेत. इथे धर्माच्या सिद्धान्ताचा थोडा भार आहे, कारण ज्यूंचा वल्हांडण सण, येशूचं शेवटचं भोजन आणि तुमच्या मीसमधली भाषा याच आठवणीतून आली आहे. पण भार आठवणीवर आहे, डोकी मोजण्यावर नाही.

नावनिशीचं तू म्हणतोस ते बरोबर आहे. हेरोद इ.स.पू. ४ मध्ये मेला असं बहुतेक अभ्यासक धरतात, आणि लूक सांगतो ती, क्विरीनिय या रोमन सुभेदाराच्या वेळची नावनिशी इ.स. ६ मधली. दहाएक वर्षांचं अंतर पडतं. ते जुळवायचे खटाटोप मी वाचले आहेत, मला ते ओढूनताणून केलेले वाटले. लूकची इथे चूक झाली असं म्हणायला माझी हरकत नाही. आपल्या बखरींत सनावळ्यांच्या याहून मोठ्या चुका आहेत. इतिहासकार राजवाड्यांनी बखरकारांना त्यावरून फैलावर घेतलं, तरी त्यातून पानिपत झालंच नाही असं कोणी काढलं नाही.

उरलं चौथं, शुभवर्तमानं उशिरा लिहिल्याचं. पण त्याच्याआड आणखी एक गोष्ट आहे, आणि ती तू पत्रात सरळ लिहिलीच नाहीस. मला वाटतं, तुला खरी भीती तिथेच आहे.

बायबलमध्ये करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात प्रेषित पौल सांगतो की ख्रिस्त मेलेल्यांतून उठवला गेला नसेल तर आमचा उपदेश व्यर्थ आणि तुमचा विश्वासही व्यर्थ. हे वाक्य मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा दचकले होते. कुठल्याही धर्माचा माणूस सहसा अशी मान पुढे करत नाही. यरीहोबद्दल, योनाच्या माशाबद्दल, तारवातल्या जनावरांबद्दल पौल असं म्हणत नाही. एका गोष्टीबद्दल म्हणतो. म्हणजे तुझ्या धर्मात इतिहासाला काही किंमत नाही, सगळं रूपक आहे, असं सांगून मी तुझी सुटका करू शकत नाही. आमच्याकडे ती सोय आहे. तुझ्याच तालुक्यात शिरगावची लईराई आहे, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण तिची बहीण मानतात. दोन्हीकडचे लोक ते नातं पाळतात, आणि दोघींच्या जन्माचा दाखला कोणी मागत नाही, मागूही नये. परशुरामानं बाण मारून समुद्र हटवला, ही कथा कोकण-गोव्यातल्या प्रत्येक पोराला येते. तो बाण सापडला नाही म्हणून कुणाची झोप उडत नाही. पण तुझ्या प्रार्थनेत एका रोमन सुभेदाराचं नाव आहे. पंतय पिलात. दर रविवारी जगभर लोक देवाच्या नावाबरोबर एका सरकारी अधिकाऱ्याचं नाव घेतात, ते तारीख ठोकून ठेवावी तसं. हे घडलं, अमक्याच्या कारकिर्दीत घडलं.

तो अधिकारी होता याबद्दल शंका नाही. १९६१ साली कैसरियाच्या जुन्या नाट्यगृहात त्याचं नाव कोरलेला दगड मिळाला. कुणीतरी नंतरच्या काळात तो पायरीला वापरून टाकला होता. इ.स. २६ ते ३६ हा त्याचा काळ. टॅसिटस हा रोमन इतिहासकार दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला लिहितो की ‘ख्रिस्तुस’ला तिबेरियसच्या काळात पिलातानं देहदंड दिला, आणि टॅसिटसला ख्रिस्ती लोकांबद्दल तिटकाराच होता. येशू नावाचा माणूस होता आणि त्याला क्रूसावर मारलं, हे आज धार्मिक नसलेले अभ्यासकही जवळजवळ एकमुखानं मान्य करतात.

आता इथे थांब. या पुराव्यानं सिद्धान्त सिद्ध झाला का?

अजिबात नाही. त्याच अध्यायात पौल एक जुनं वाक्य देतो. मला जे मिळालं तेच मी तुम्हाला दिलं, असं सांगून तो म्हणतो की ख्रिस्त आपल्या पापांसाठी शास्त्राप्रमाणे मरण पावला. हे पत्र इ.स. ५५च्या आसपासचं, म्हणजे घटनेनंतर पंचवीसएक वर्षांचं, आणि वाक्य त्याहून आधीचं. त्याचे तीन तुकडे कर. ‘ख्रिस्त मरण पावला’ हा इतिहास. तो पिलाताच्या दगडाजवळ आणि टॅसिटसच्या ओळीजवळ नेऊन ठेवता येतो. ‘शास्त्राप्रमाणे’ हे एका समाजाचं आपले जुने ग्रंथ वाचणं. ते कसं वाचत होते तेही अभ्यासता येतं. आणि ‘आपल्या पापांसाठी’? हे सांगणारा दगड कुठल्याही टेकाडाखाली कधीच सापडणार नाही. यरुशलेमच्या वेशीबाहेर त्या दिवशी उभा राहून तू डोळ्यांनी सगळं पाहिलं असतंस, तरी तुला एक माणूस मरताना दिसला असता. ‘पापांसाठी’ दिसलं नसतं. तिथे उभ्या असलेल्या शिपायांनाही मरणारा माणूस दिसतच होता.

म्हणून घटना हरवली की काही सिद्धान्त कोसळतात, हे मान्य. पण घटना सापडली म्हणून सिद्धान्त आपोआप उभा राहत नाही. या दोन वाक्यांमधल्या जागेत तुला राहायला शिकावं लागेल. ती जागा अडचणीची आहे हे मला कळतं.

तू मराठी वाचणारा आहेस, म्हणून एक घरचं उदाहरण देते. लीळाचरित्र तू अभ्यासक्रमात वाचलं असशील. चक्रधरस्वामी गेल्यानंतर, तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात, म्हाइंभटांनी नागदेवाचार्यांच्या देखरेखीखाली त्यांच्या आठवणी जमवल्या. स्वामींच्या सहवासात जे जे राहिले होते त्यांना गाठून, विचारून, लिहून घेतलं. एका प्रसंगाच्या दोन आठवणी जुळल्या नाहीत तर तो फरकही नोंदवून ठेवला. त्या काळची गावं, जेवणखाण, वाटा, बायकांचं बोलणं कळायला इतिहासकाराला त्या ग्रंथाशिवाय गत्यंतर नाही. पण लिहिणाऱ्याच्या लेखी चक्रधर हे साक्षात परमेश्वर होते. तो काही तटस्थ कारकून नव्हता. मग पुढे केशिराजबासांनी त्याच लीळांमधून स्वामींची वचनं वेगळी काढली आणि सूत्रपाठ झाला. महानुभाव पंथाचा सगळा विचार त्यावर उभा आहे. आधी माणूस, मग आठवण, मग ग्रंथ, मग सूत्र.

शुभवर्तमानं जवळजवळ याच वाटेनं आली. मार्कचं सुमारे इ.स. ७०च्या आसपास, मत्तय आणि लूक त्यानंतर, योहान शतकाच्या शेवटाकडे, असं बहुसंख्य अभ्यासक मानतात. लूक तर सुरुवातीलाच लिहून टाकतो की प्रत्यक्ष पाहणाऱ्यांनी सांगितलेलं पुष्कळांनी लिहिलं, मीही सगळं नीट शोधून क्रमवार लिहितो आहे. म्हाइंभटांचाच हा बाज. आणि हे मी बाहेरून लादत नाही. १९६४ साली रोमच्या बायबल आयोगानं स्वतःच सांगितलं की शुभवर्तमानं तीन टप्प्यांतून आली: येशूचं बोलणं-वागणं, मग प्रेषितांचा उपदेश, मग लेखन. त्याच्याही आधी, १९४३ साली बाराव्या पायस पोपनी अभ्यासकांना सांगून ठेवलं होतं की प्राचीन लेखकानं कुठला साहित्यप्रकार वापरला ते आधी ओळखा. १९६५ साली व्हॅटिकन परिषदेच्या ‘देई वेर्बुम’ या दस्तऐवजात हे पक्कं झालं. तारणासाठी देवाला जे सत्य ग्रंथात यावं असं वाटलं, ते ग्रंथ न चुकता शिकवतात, असं तिथे म्हटलं आहे. त्याच दस्तऐवजात शुभवर्तमानं ऐतिहासिक आहेत असंही ठासून सांगितलंय. म्हणजे तुझं चर्च ‘सगळं अक्षरशः खरं’ म्हणत नाही आणि ‘सगळं प्रतीक’ही म्हणत नाही. ज्या दोन टोकांत तू हिंदकळतो आहेस, त्यातलं एकही तुझ्या चर्चचं नाही. तू जन्मण्याच्या कितीतरी आधीपासून हे छापलेलं आहे. तुझ्यापर्यंत पोहोचलं नाही, हे मात्र दुर्दैव, आणि त्यात एकट्या तुझा दोष नाही.

लीळा आणि सूत्राचा आणखी एक धडा आहे. काही सूत्रं लीळेपासून तोडली तरी उभी राहतात. शेजाऱ्यावर प्रीती कर, हे कोणत्या वारी सांगितलं यानं काय फरक पडतो? वाटेत जखमी पडलेल्या परक्याला धर्मशाळेत नेणाऱ्या चांगल्या शोमरोन्याची गोष्ट तर येशूनं स्वतः रचून सांगितली. ती धर्मशाळा यरीहोच्या वाटेवर नेमकी कुठे होती हे कुणी विचारत नाही. (बघ, यरीहो इथेही आलंच.) दुसरी काही सूत्रं मात्र घटनेला नाळेसारखी बांधलेली आहेत. ती कुठली, याची यादी तू स्वतः कर. माझ्या मते ती तुला वाटते त्यापेक्षा पुष्कळ लहान निघेल. आणि मग त्या लहान यादीकडे पूर्ण गंभीरपणे बघ.

पुनरुत्थानाबद्दल इतिहास म्हणून मला एवढंच म्हणता येतं. पळून गेलेले शिष्य थोड्याच काळात यरुशलेममध्ये उघडपणे ‘तो उठला’ म्हणू लागले, आणि त्यांतल्या काहींनी त्यापायी जीव दिला. कबर रिकामी असल्याचं पहिल्यांदा बायकांना दिसलं असं चारही शुभवर्तमानं सांगतात, आणि त्या समाजात बायकांच्या साक्षीला फारसं वजन नव्हतं. गोष्ट कुणी नुसती रचली असती तर असे साक्षीदार निवडले नसते, असं म्हणतात. मलाही ते पटतं. पण त्या सकाळी काय झालं, हे इतिहासाच्या पद्धतीनं सिद्धही होत नाही आणि खोडूनही निघत नाही. तिथून पुढचं पाऊल तुझं. माझ्या विषयाची हद्द तिथे संपते.

निसिआबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास, त्या मोबाइलवर फिरणाऱ्या माहितीतल्या वाटतात. ३२५ साली निसिआत मतदान करून येशूला देव बनवलं, असं काही झालं नाही. येशूला प्रभू म्हणून भजणं पौलाच्या पत्रांत आहे, म्हणजे त्याच्या पावणेतीनशे वर्षं आधी. निसिआत वाद होता तो पुत्र पित्याच्याच तत्त्वाचा आहे की निर्माण केलेला, यावर. बायबलमधली पुस्तकंही तिथे ठरली नाहीत. नव्या करारातल्या सत्तावीस पुस्तकांची आजची यादी पहिल्यांदा दिसते ती ३६७ साली अलेक्झांड्रियाच्या बिशप अथानासियसच्या पत्रात. सिद्धान्तालाही इतिहास असतो, तो हळूहळू, भांडत-भांडत घडतो. शब्द उशिरा आला म्हणून त्यामागचा अनुभव उशिरा आला असं होत नाही. इतिहासात एम. ए. केलेल्या माणसानं फॉरवर्ड तपासून बघावेत, एवढं मात्र रागावून सांगते.

आता तुझा मित्र. गोव्यात १५६० साली इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, आलं आणि १८१२ साली संपलं. त्याच्या आगेमागे देवळं पाडली गेली, देव नदीपलीकडे न्यावे लागले. मंगेश कुठ्ठाळीहून प्रियोळला आला तो याच धामधुमीत. माझ्या घरात त्याच्या आठवणी पिढ्यान्‌पिढ्या चालत आल्या आहेत. मी ते विसरत नाही आणि तूही विसरू नकोस. पण तुझ्या घरात विश्वास कुठल्या वाटेनं आला, यावरून तो खरा की खोटा हे ठरत नाही. माझ्या घरातली देवपूजाही मी चौकशी करून निवडलेली नाही, जन्मानं मिळाली. तुझ्या मित्राचीही तशीच. त्यानं स्वतःला तोच प्रश्न विचारून पाहावा. आणि त्याच काळात, १६१६ साली, राशोलच्या छापखान्यात फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण छापलं गेलं. सुमारे अकरा हजार मराठी ओव्या. पहिला भाग ‘पैलें पुराण’, जगाच्या उत्पत्तीपासूनचा. दुसरा ‘दुसरें पुराण’, ख्रिस्ताचा. बायबल काय प्रकारचं पुस्तक आहे हे आपल्या माणसांना सांगायची वेळ आली, तेव्हा त्या माणसानं ओवी धरली आणि पुराणाची रीत धरली. अहवालाची भाषा वापरली नाही. या निवडीचा तू विचार कर, तुझ्या वर्गात तुला तीच निवड करायची आहे.

वर्गाचं बोलू. माझी एक चूक सांगते. पाचवीच्या वर्गात एका मुलीनं विचारलं होतं, ‘बाई, परशुरामानं समुद्र हटवला असं मराठीच्या पुस्तकात आहे, मग भूगोलाच्या बाई जमीन वर आली असं का शिकवतात?’ तास संपत आला होता. मी म्हटलं, ‘जास्त शहाणपणा नको.’ ती खाली बसली. वर्षभर तिनं मला एकही प्रश्न विचारला नाही. तिला काय सांगायला हवं होतं ते मला दहा वर्षांनी सुचलं: भूगोलाच्या बाई सांगतात जमीन कशी आली, आणि ही गोष्ट सांगते की आपल्या माणसांना ही जमीन कुणाची देणगी वाटली. दोन्ही लिहून ठेव.

तुझ्या वर्गात नऊ-दहा वर्षांची मुलं. त्यांना केनियनबाई नकोत. पण ‘हे असंच्या असं घडलं, शंका घेणं पाप’ हे वाक्यही नको, कारण तेच वाक्य पुढे सव्वीसाव्या वर्षी त्यांची झोप घालवेल. यरीहोचा धडा शिकवताना ‘इस्राएल लोक ही गोष्ट अशी सांगत’ असं म्हण. त्यात खोटं काही नाही. एखाद्यानं विचारलंच, ‘सर, खरंच घडलं?’, तर म्हण, ‘हे शोधणारे लोक आहेत, त्यांना भिंत त्या वेळची मिळाली नाही. मग ही गोष्ट लोकांनी इतकी वर्षं का जपली असेल?’ मुलं अशा प्रश्नाला फार चांगली उत्तरं देतात. आणि जिथे प्रार्थनेत घटनेचा दावा आहे, तिथे तो दावा आहे असं स्वच्छ सांग: चर्च असं मानतं. ‘चर्च असं मानतं’ हे वाक्य तुझी आजची श्रद्धा काहीही असली तरी खरंच राहतं. घरी मुलांना असे प्रश्न पडणाऱ्या आईवडिलांनाही, आणि लग्न करून दुसऱ्या धर्माच्या घरात गेलेल्या ज्या मुली मला वरचेवर लिहितात त्यांनाही, हेच सांगेन. ‘आमच्यात असं मानतात’ म्हणता आलं की अर्धी भांडणं होतच नाहीत.

ईस्टरचा धडा मात्र वेगळा. ‘चर्च असं मानतं’ एवढ्यावर तो धडा थंड पडतो, आणि मुलांना थंडी लगेच कळते. म्हणून कोरेज्म सुरू होण्याआधी पाद्रीबाबांना भेट. वर्ग सोडतो असं सांगायला जाऊ नकोस, प्रश्न घेऊन जा. यादी करशील ती बरोबर ने. म्हण, इतिहासाच्या अभ्यासात मला हे प्रश्न पडले, बाकीचे धडे मी घेतो, ईस्टरच्या दोन रविवारी तुम्ही याल का, मी मागे बसेन. हे पळणं नव्हे. त्यांनी झिडकारलं, तर राशोलला सेमिनरी आहे, तिथे बायबल शिकवणारी माणसं आहेत. त्यांना हे प्रश्न नवे नाहीत. सगळीकडून दार बंद मिळालं, तर मात्र वर्ग सोड आणि कारण सांगून सोड. तब्येतीचं निमित्त पुढे करू नकोस.

आईच्या बाबतीत तू एक फार मोठी गोष्ट धरून चाललास: ती मोडून पडेल. तिला विचारलंस का? ज्या बाईनं सावंतवाडीहून डिचोलीला येऊन घर उभं केलं, तिच्या श्रद्धेला यरीहोच्या तटबंदीचा आधार असेल, असं मला वाटत नाही. संध्याकाळी स्वयंपाकघरात जाऊन पुरातत्त्वाचं व्याख्यान झोडू नकोस, ते क्रूर होईल आणि शिवाय कंटाळवाणं होईल. तिनं सरळ विचारलं तर खोटं बोलू नकोस. तेर्साला तिच्याशेजारी बसतोस, तो खोटेपणा नाही. माणसं एकमेकांच्या प्रार्थनेत बसतात, मीही फेस्ताला इगर्जीत जाऊन बसले आहे. कुमगार (मीसमधला ख्रिस्तप्रसाद) घ्यावा की नाही, हा मात्र तुझा आणि पाद्रीबाबांचा प्रश्न, त्यात मी पडणार नाही.

एक काम सांगते. मार्कचं शुभवर्तमान सोळाच अध्यायांचं आहे, दोन तासांत वाचून होतं. कोरेज्माच्या पहिल्या आठवड्यात, तेर्स झाल्यावर, आईला मराठी बायबलमधून रोज थोडं मोठ्यानं वाचून दाखव. सोळाव्या अध्यायाच्या आठव्या वचनाशी आलास की थांब. सगळ्यात जुन्या दोन संपूर्ण हस्तलिखितांत पुस्तक तिथेच संपतं: बायका कबरीपासून पळत सुटल्या, आणि भ्यायल्यामुळे त्यांनी कुणालाच काही सांगितलं नाही. पुढच्या ओळी नंतर जोडल्या गेल्या असं अभ्यासक म्हणतात. पान उलटू नकोस. आईला विचार, कुणालाच सांगितलं नाही, तर मग आपल्यापर्यंत कसं आलं?